माघातला अंदाज

दोंडाईचा,
माघ शुद्ध षष्ठी, शके १८५८

ती. मोतीभाऊंना नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं पंचांग आणि गंगाजल पोचलं. पार्सल सोडवायला चार आणे पडले.

गेल्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि खळ्यावरची सगळी दादर ज्वारी काळी पडली. आदल्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "वारा उगवतीना शे, बठ्ठी दादर झाकी टाक." उगवतीकडून वारा आला की पाऊस, असं त्यांचं म्हणणं. मी हसले. वर्तमानपत्र उघडून तुमच्या हवामान कचेरीचा अंदाज मोठ्यानं वाचला: खानदेशात आकाश निरभ्र. यांनी ताडपत्री परत घडी करून ठेवली.

आता हे चारचौघांत म्हणतात, "मेहुण्याची कचेरीच खोटारडी!" मी खाली मान घालून ऐकते. पण भाऊ, कचेरी खरीच होती. काटकसर म्हणून मी स्टेशनमास्तरांचा वाचून झालेला अंक अर्ध्या किमतीत घेते. तो तीन दिवसांपूर्वीचा होता. तारीख मला दिसली होती. सासूबाईंपुढे माघार घ्यायची नव्हती.

देवापुढे कबूल केलं, यांच्यापुढे जीभ उचलत नाही. अशी दोन पत्रं फाडून झाली. हे पेटीत पडलंच, तर उलट टपाली यांना एवढंच कळवा, की अंदाज कचेरीचाच चुकला.

तुमची धाकटी,
कमल