‘काल’ला हात लावू नकोस

अरे,

मी छापखान्यात जातेय, उशीर होईल. जेवण झाकून ठेवलंय.

माझं पुस्तक मागेच प्रकाशकांकडून परत आणलं, तुला बोलले नाही. गोष्ट आवडली म्हणाले, फक्त खारीचं पिल्लू ‘आई, आपण काल बागेत जाऊ’ म्हणतं तिथे ‘उद्या’ करा, मुलं चुकीचं शिकतील. मी मान डोलावली आणि जिना उतरतानाच ठरवलं, आपणच छापायचं. तू म्हणशील, हात दाखवून अवलक्षण. असू दे.

प्रुफं टेबलावर आहेत. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढत आलास, माझ्याही काढ. पण ‘काल’ तसाच ठेव. मागच्या वेळी तू तिथे लाल पेन्सिल टेकवलीस आणि हळूच उचललीस, ते मी पाहिलं.

पुस्तकांचे गठ्ठे आपल्या पिटूच्या खोलीतच ठेवावे लागतील, बाकी घरभर ओल आहे. तेवढं कुलूप आज तू काढ. माझ्याच्याने होत नाही. दारामागच्या तिच्या उंचीच्या खुणा पुसू नकोस.

शाळेत गेली असती तर बाईंनी तिचा ‘काल’ सुधारला असता. तेवढं आयुष्य तिला मिळालं नाही. आता तो कुणीच सुधारायचा नाही.