सात गाईंनी पेरलेलं गवत

सारी-बुलाक,
१९ ऑगस्ट २०१९, सोमवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. (धारा काढून हात दोनदा धुतले आहेत, तरी कागदाला वास आल्यास क्षमा असावी.)

आदरणीय कालमुरातमामांना एर्नाझारचा सलाम.

नवे दात बसले का? बिश्केकच्या डॉक्टरांना मुळीच घाई करू देऊ नका. महिना लागला तरी लागो. इकडे सर्व कुशल आहे, विशेषतः शाबदानचे.

त्याच्याविषयी माझ्या मनात काही नाही. पण तुम्हाला आठवत असेल, चराई समितीने गावाबाहेरचे दोन उतार अजमावायला दिले : डावा मला, उजवा त्याला. ज्याच्या उतारावर नवे गवत धरेल, त्याला पुढच्या वर्षीच्या शरदात दोन्ही मिळणार. दुसऱ्याने आपली सोय पाहायची. (माझी सोय म्हणजे दादाबरोबर रशियात विटा उचलणे.) शाबदानने काडीही हलवली नाही. मी कराकोलहून निळसर पात्याच्या गवताचे बी आणले. उतार नांगरला तर माती वाहून जाते, म्हणून समितीच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे ते कोंड्यात कालवून गेल्या वर्षीच्या वसंतात आमच्या सात गाईंना चारले. तिसऱ्या दिवशी शेणातून ते आपोआप पेरले जाणार होते, खतासकट. सगळे तपासले, त्या दिवशी गावची गुरे राखायची पाळी कुणाची, तेवढे तपासले नाही.

पाळी शाबदानची होती. त्याने सगळी गुरे दिवसभर आपल्याच उतारावर ठेवली. मी गाईंच्या मागे धावत होतो, तर म्हणतो, "अरे, बिचाऱ्यांना मोकळं होऊ दे की निवांत!" शेवटी मी टोपलीने शेण वाहून माझ्या उतारावर पसरले. आईला वाटले, जळणासाठी वाळत घातले आहे. हिवाळ्यात माझे बियाणे आमच्याच चुलीत जळले.

आता त्याचा उतार गुडघाभर निळा झाला आहे. परवाच्या मेजवानीत त्याला मानाच्या जागी बसवून मेंढीचे डोके त्याच्यापुढे ठेवले. (मी दाराजवळ, जोड्यांशेजारी.) आमची तांबडी गायही संध्याकाळी तिथून हलत नाही. आई म्हणते, "शीक काहीतरी शाबदानकडून!" मामा, ते गवत माझे आहे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
एर्नाझार

ता. क. : त्या गवताला आता बी धरले आहे. गुरुवारी पाळी माझी आहे. मी सगळी गुरे त्याच्या उतारावर पोटभर चारणार. बी शनिवारी पडेल, आणि शनिवारची पाळी तुमची आहे. तुम्ही तिकडे असल्याने ती मला द्यावी, असा सायरामामींना निरोप पाठवावा. पत्र लिहिण्याचे कारण एवढेच.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवताना मामी येऊन गेल्या. शनिवारची पाळी त्यांनी आपणहून शाबदानला दिली आहे. तो गुरे राखतो तशी कुणी राखत नाही म्हणे. त्याने माझ्यासाठी निरोपही दिला आहे : "गुरुवारी चार म्हणावं खुशाल माझ्या उतारावर. शनिवारचं मी बघतो."

मामा, शुक्रवारच्या गाडीने निघून या. दात नंतरही बसतील.