लाल दोरा उन्हाच्या बाजूला

मी, एउलालिया ब्राकामोन्ते, कै. रामिरो गास्तेलुम यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, राहणार एर्मोसिलो, राज्य सोनोरा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझे गुडघे गेलेत, डोके जागेवर आहे. दडपण आणणारा एकच होता, माझा एकुलता एक मुलगा एफ्राइन. गेल्या रविवारी तो जेवायला आला, निखाऱ्यावर मांस भाजत ठेवले आणि खिशातून मोजपट्टी काढून परसाची लांबीरुंदी घेऊ लागला.

"आई, तुझ्यामागे हे सगळं काढून सिमेंट टाकलं ना, तर तीन गाड्या आरामात बसतील."

"माझ्यामागे कशाला? मी बसलेय तोवरच टाक. खुर्चीसकट."

"तू ना, सगळं वाकड्यातच घेतेस."

त्याला ताटावरून उठवले आणि दाराबाहेर घातले. मोजपट्टी इथेच राहिली.

१. बँकेत जे आहे त्यातून माझी माती करावी. उरेल ते माझी ग्वायमासची बहीण ओर्तेन्सिया हिला द्यावे. ती एकदा महिनाभर इथे राहिली आणि माझ्या घायपातींना रोज मायेने झारीभर पाणी घालून तिने त्या मुळापासून कुजवल्या. तिला मी माफ केलेले नाही. पैसे तरी घे म्हणावे.

२. परसाविषयी. धुण्याच्या दगडापाशी, हिरव्या जाळीखाली केळी आणि पांढरा चाफा आहे. धुण्याचे शेवटचे पाणी त्यांचे. मे महिन्यात एक दिवस चुकले तरी पाने करपतात. समोर खडीवर निवडुंग आहेत, त्यांच्याकडे थंडीत कोणी झारी घेऊन फिरकू नये. त्यांच्यामध्ये पिताया, खांबासारखा उंच निवडुंग, उभा होता. एफ्राइन जन्मला त्या वर्षी रामिरोने त्याची हातभर फांदी गावाहून आणली, सावलीत वाळवली आणि मग लावली. दोघांचे वय एकच.

ओर्तेन्सियाच्या खुब्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मी ग्वायमासला गेले होते. तेवढ्यात एफ्राइनने आपली गाडी उभी करायला पिताया उपटला आणि कोपऱ्यात नेऊन रोवला. आमच्याकडे निवडुंग हलवायचा तर आधी त्याच्या उन्हाच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेकडे, खूण करतात आणि नव्या जागी ती बाजू परत दक्षिणेलाच ठेवतात. त्या अंगाची साल ऊन खाऊन निबर झालेली असते, सावलीकडची कोवळी. एफ्राइनची बायको माक्लोविया हातात चुना घेऊन त्याच्यामागे धावत होती. पुढचे सगळे शेजारी अबुन्दियोने भिंतीपलीकडून ऐकले.

"एफ्राइन, अरे आधी खूण तर कर! नंतर कळणार कसं?"

"झाडाला काय पुढचं-मागचं असतं? जा, बिअर आण."

मदतीला आलेले त्याचे मित्र हसले म्हणे.

पिताया उलटा लागला. उन्हाळ्यात त्याचे कोवळे अंग आधी पिवळे पडले, मग पांढरे, मग बुचासारखे कोरडे. धुणे धुताना ते भाजलेले अंग माझ्या समोर असते. मी रडले तेव्हा एफ्राइन म्हणाला, "एका निवडुंगासाठी रडतेस?" होय, त्यासाठीच. रामिरो गेला तेव्हा एवढी रडले नव्हते, कारण रामिरोला कोणी मारले नव्हते.

३. राहते घर आणि परस. तेव्हा दोघे इथेच राहत. पुढच्याच वर्षी एफ्राइनने दुसरी बाई आणली आणि माक्लोवियाला बाहेरची वाट दाखवली. तिने भांडे मागितले नाही की पलंग. बियांपासून वाढवलेला तिचा एक गोल निवडुंग होता, तेवढा मागितला. फाटकाशी टॅक्सी हॉर्न देत होती, एफ्राइन "आटप, आटप" करत होता. ती खडीवर बसली, वेणीतला लाल दोरा सोडला आणि निवडुंगाच्या दक्षिणेकडच्या काट्याला बांधला. मगच गोणपाटात गुंडाळून उचलला.

"आई, तिकडे दक्षिण कुठे ते बघूनच लावीन. तुम्ही काळजी करू नका."

घर जाताना तिला खुणेची आठवण होती. तेव्हाच माझ्या मनात निकाल लागला, कागदावर आज लागतो आहे. माझ्या पश्चात हे घर आणि त्यातले झाडन् झाड माक्लोविया योकुपिसिओ हिच्या एकटीच्या मालकीचे. एफ्राइनने कसलाही हक्क सांगू नये. तिला अट काही नाही. सगळे उपटायचे असेल तर तिने उपटावे. ती खूण करील.

४. एफ्राइनला, ज्या पहारेने त्याने पिताया उपटला ती पहार, आणि त्याची मोजपट्टी. तो माझा मुलगा आहे हे मी विसरलेले नाही. परका असता तर एवढे लागले नसते, आणि हे मृत्युपत्रही चार ओळींत आटपले असते.

५. माझ्या देहाविषयी. मला रामिरोच्या शेजारी पुरावे. धुण्याच्या दगडाशी उभी राहून माझा डावा गाल रापला आहे, उजवा अजून मऊ आहे. माक्लोवियाने माझ्या पेटीला डाव्या अंगाने लाल दोरा बांधावा आणि ती बाजू दक्षिणेला येईल असे मला ठेवावे. रामिरोच्या रांगेत तिरपी आले तरी चालेल. एफ्राइनला खांदा द्यायचा असेल तर देऊ द्यावा, तो त्याचा हक्क आहे. मात्र पेटी खाली उतरवताना कुठे वळवायची, हे त्याला विचारू नये.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करते.

एउलालिया ब्राकामोन्ते

साक्षीदार:
अबुन्दियो यान्येस, शेजारी, भिंतीपलीकडचा
फिलोमेना बुइतिमेआ, शेजारीण, समोरच्या घरातली

एर्मोसिलो, ११ ऑक्टोबर २०१८