साक्ष दिल्यानंतरची गोळी

बाई,

तुम्ही घेत होता तो रविवारचा वर्ग आता मी घेते. प्रार्थनामंदिराच्या मागची तीच खोली, उपासना संपल्यावरची तीच वेळ; फक्त भिंतीवर मोठ्या पुराची मळकट रेघ आली आहे, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर, आणि रंग देऊनही ती पावसाळ्यात पुन्हा वर येते. मंडळीत तुम्हाला पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. तरी शिकवताना मला अजून वाटते की तुम्ही शेवटच्या बाकावर बसला आहात आणि मी एखादी पायरी गाळली, तर बोटांनी बाक वाजवणार आहात. म्हणून मी पायरी गाळत नाही. आज हे लिहायला बसले, कारण या पावसाळ्यात मी एकही पायरी न गाळता शिकवले आणि त्यात एका माणसाचा जीव जायची वेळ आली.

यंदा वर्गाला मी आरोग्यदानाचे चमत्कार घेतले होते. आंधळ्याला दिसू लागले, खाटेला खिळलेला माणूस खाट उचलून घरी गेला, या गोष्टींचे आजच्या विश्वासणाऱ्याने करायचे काय? ज्याच्या घरात आजारी माणूस आहे आणि उशाशी डॉक्टरांची चिठ्ठी आहे, त्याने त्या कशा वाचायच्या? मला हा विषय फार आवडतो, बाई. तो नीट उलगडत नेला की वर्गातल्या चेहऱ्यांवर दिवे लागल्यासारखे होतात. मी सुरुवात शब्दापासून केली. बायबलातल्या एका शुभवर्तमानात या कृत्यांना सरळ 'चिन्ह' म्हटले आहे. महामार्गावर पोलादपूरची पाटी दिसली म्हणून कोणी तिथेच उतरून पाटीला मिठी मारत नाही. पाटी जिकडे नेते तिकडे जायचे असते. मग कुष्ठरोग्याची गोष्ट घेतली. क्रम पाहा, असे मी फळ्यावर लिहून दाखवले: आधी स्पर्श, नंतर शुद्धी. तो माणूस स्वच्छ झाल्यावर त्याला हात लावायला गावातला कोणीही तयार झाला असता. प्रभूने लावला तो त्याच्या अंगावर रोग असताना. आणि मग तळ्याकाठचा तो माणूस, पाण्यात उतरले की बरे होते म्हणून लुळ्या पायांनी वर्षानुवर्षे तिथे पडून राहिलेला. त्याला विचारले, तुला बरे व्हायचे आहे का, तर तो पायांबद्दल बोलतच नाही. मला पाण्यात सोडायला कोणी नाही, हे त्याचे गाऱ्हाणे. इथे मला काही समजावून सांगावे लागले नाही. पाणी समोर असून माणसाला त्यापासून अडवता येते, हे महाडमध्ये कोण कोणाला शिकवणार? मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोटणारी गर्दी माझ्या वर्गातली मुले लहानपणापासून पाहतात. त्यांतल्या काहींचे पणजोबा त्या पाण्यापर्यंत चालत गेले होते. शेवटी मी सांगितले की ज्यांना ज्यांना बरे केले ती सगळी माणसे पुढे कधीतरी, कशाने तरी मेलीच. तेव्हा आरोग्य हा श्रद्धेचा मोबदला नव्हे, देवाला माणसाबद्दल काय वाटते ते त्यातून दिसते. हे सगळे मी आजही खरे मानते. शब्द बदलायचा म्हटले, तरी कुठला बदलू हे मला सुचत नाही.

तुमचे स्वयंपाकघर आठवते. उपासनेनंतर आम्हा दोघीतिघींना तुम्ही तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढायच्या, आणि आठवडाभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवून न दमलेल्या तुम्ही तिथेही काहीतरी विचारायच्या. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, सुटीत घरी आले आहे. स्टोव्हवर दूध आहे आणि तुम्ही ते मला पाहायला सांगून भाकरी थापता आहात. मी त्या दुधाकडे पाहत पाहतच साय आणि वाफ यांच्याबद्दल बोलू लागते: साईखाली वाफ कशी कोंडते, दूध अचानक वर का येते, पाणी का येत नाही. ते वर येते, कडेवर थरथरते आणि स्टोव्हवर सांडते, आणि मी वाक्य पूर्ण करते. तुम्ही पीठभरल्या हाताने पातेले उतरवले. माझे सगळे ऐकून घेतले होते तुम्ही. म्हणालात, "बरोबर सांगितलंस. आता स्टोव्ह पूस." मी हसले होते, कारण आधी 'बरोबर' म्हणालात ते मला पुरले होते. पुढे आजारपणात तुम्ही वर्ग माझ्या हाती दिलात, तेव्हा मंडळीतल्या कोणीतरी मी वयाने फार लहान असल्याचे सुचवले. तुम्ही म्हणालात, हिला सगळे समजावता येते. तो मला मिळालेला सर्वांत मोठा मान आहे असे मी इतकी वर्षे धरून चालले.

जूनमधल्या एका रविवारी वर्ग संपला आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली तरुण मुलगी मागे राहिली. ती आणि तिचा नवरा मुंबईत असताना तिथल्या मंडळीत जाऊ लागले होते. तो हॉटेलात कामाला होता. त्याच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापापासून खराब, पुढे दम लागू लागला, काम सुटले आणि दोघे वाडीत त्याच्या आईकडे परतले. वाडीत प्रभूचे नाव घेणारे हे एकच घर, आणि त्या घरातही दोघेच. आई आपल्या देवांची दिवाबत्ती करणारी. डॉक्टरांनी गोळ्या एक दिवसही चुकवू नका असे बजावले होते आणि शस्त्रक्रियेचे नंतर पाहू म्हणाले होते. ती म्हणाली, "बाई, ह्यांच्यासाठी आले." एवढेच. आणि डोक्यावर पदर ओढून खाली मान घालून बसली.

आपल्या मंडळीतली रीत तुम्हाला मी काय सांगू? आजाऱ्यासाठी प्रार्थना हवी असली, तर इथे कोणी तोंडाने मागत नाही. बाईमाणूस असेल तर सगळे उठून गेल्यावर बसून राहते आणि पदर घेते. जवळ जायचे, डोक्यावर हात ठेवायचा. तुम्हाला हे करताना मी लहानपणापासून पाहिले आहे. आणि मी, बाई, फळा पुसला आणि खडू घेतला. मला वाटले, हिला नीट समजून घ्यायचे आहे. नवऱ्याच्या आजारात चमत्काराचा अर्थ कसा धरायचा, प्रार्थना आणि औषध यांत विरोध का नाही, बरे न झाल्यास श्रद्धा कमी पडली असे का म्हणू नये, हे मी तिला तासभर सांगितले. फार चांगले सांगितले. ती मधून मधून "व्हय बाई" म्हणत होती. शेवटच्या गाडीची वेळ झाली तशी उठली, पदर खांद्यावर घेतला आणि गेली. त्या संध्याकाळी मी समाधानाने जेवले.

नंतर ती वर्गाला आली नाही. शेतीची कामे असतील असे मी धरून चालले. मग एके दिवशी तिचा फोन. महामार्गाच्या कडेला मंडप घालून बाहेरच्या एका उपदेशकाची आरोग्यसभा झाली होती. ती दोघे तिथे गेली. उपदेशकाने नवऱ्याला पुढे बोलावले, छातीवर हात ठेवला, त्याच्यासाठी रडला आणि म्हणाला, तू बरा झालास, आता गोळी घेणे म्हणजे अविश्वास. नवऱ्याने तिथेच सगळ्यांसमोर उभे राहून साक्ष दिली की प्रभूने मला बरे केले. "आता पाय सुजलेत, बाई. चपला चढत नाय," ती सांगत होती. "गोली घ्या म्हटलं तर ऐकत नाय. म्हनतात, साक्ष दिली मी, आता गोली घेतली तर देव खोटा पडंल." मी विचारले, अगं मला आधी का नाही कळवलेस. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंच व्हतं की सगळं."

दुसऱ्या दिवशी माझ्या नोकरीच्या शाळेतून रजा घेऊन मी एसटीने पोलादपूरला आणि तिथून रिक्षाने वर गेले. वाटेभर मुद्दे जुळवत होते. ओटीवर त्याची आई सुपात तांदूळ निवडत होती. सुनेला म्हणाली, "पानी दे गो बाईंना," आणि मग माझ्याकडे वळून, "काय बाई, तुमच्या देवाला गोलीचा राग येतो म्हनं? आमचा बरा. नारळ घेतो न् दवाखान्यात जायाला मोकलीक देतो." आडवे पडले की दम कोंडतो म्हणून मुलगा आतल्या भिंतीला टेकून बसला होता, रात्रीही तसाच बसतो असे कळले. पाय इतके सुजले होते की घोटा दिसत नव्हता. मी पहिला मुद्दा सुरू केला. त्याने ऐकून घेतले आणि मध्ये मध्ये श्वास घेत म्हणाला, "बाई, तिनं येऊन सगळं सांगितलं मला, तुम्ही काय काय बोललात ते. चांगलंच व्हतं. पन मला दम लागत व्हता. त्या मानसानं छातीवर हात ठेवला. रडला माझ्यासाठी. कोन रडलं माझ्यासाठी?"

ओटीवरून आवाज आला, "मग मी काय हसत व्हते काय रे?"

तो हसला, खोकला, आणि हसल्याने त्याला धाप लागली. मी उठून त्याच्याजवळ जाऊन बसले. छातीवर हात ठेवला. बनियनमधून काळीज जाणवत होते, कुठेतरी घाईने निघाल्यासारखे, मध्येच अडखळणारे. मी प्रार्थना केली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. शेजारी बायकोने पदर घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते. मग त्यानेच विचारले, "गोली घेतली तर माझी साक्ष खोटी पडंल ना?" आणि इथे, बाई, तुमच्या वर्गातले एक कामी आले. मी म्हणाले, "त्या कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर प्रभूनं त्याला काय सांगितलं? जा, याजकाला दाखव. त्या काळी तपासणारा तोच होता. बरा झालेल्या माणसालासुद्धा तपासून घ्यायला पाठवलं होतं. तू उद्या चल, मी बरोबर येते. गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टरांना सांगू दे. तोवर घे." तो बायकोकडे पाहत राहिला. म्हातारीने आत येऊन फळीवरचा डबा काढला, गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. "घे रे. तुझ्या देवाला मी सांगते, आयनं दिली म्हनून." त्याने घेतल्या.

दवाखान्यात त्याला काही दिवस ठेवून घेतले आणि सूज उतरली. पण मधल्या काळात हृदय आणखी थकले, आता शस्त्रक्रिया लांबवता येणार नाही. मुंबईच्या रुग्णालयात त्याचा नंबर लागायचा आहे. डॉक्टरांनी चिडून विचारले, यांना गोळ्या सोडायला कोणी सांगितले? बायकोने मान खाली घातली. मी म्हणाले, बाहेरचा एक उपदेशक आला होता. यात खोटे काही नव्हते, आणि डॉक्टरांनी माझ्याकडे शहाण्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. ते पाहणे मला अजून टोचते. मंडपातल्या त्या माणसाने जे केले ते भयंकरच होते; पण त्याच्यापर्यंत ही दोघे गेली ती माझ्या खोलीतून. आधी स्पर्श, असे मी ज्या फळ्यावर लिहिले, त्याच फळ्याशी पाठमोरी उभी राहून मी तिला तासभर बसवून ठेवले. तिने मला दोष दिला नाही. परवा वर्गाला आली, पुढच्या बाकावर बसली, आणि वहीत पूर्वीसारखे सगळे उतरवून घेत होती. तिने एकदा तरी रागावावे असे मला वाटते.

हे कागद मी कुठे पाठवणार, आणि इथल्या कोणाच्या हाती देण्याचा धीर नाही. तुम्ही असता तर आधी 'बरोबर' म्हणाला असता, आणि यावेळी मला ते पुरले नसते. एकच गोष्ट अजून कोणाला सांगितलेली नाही. त्या घरात मी प्रार्थना केली ती वर्गात शिकवते तशी नव्हती. चिन्ह, अर्थ, श्रद्धा आणि मोबदला, यातले एक अक्षर तोंडून निघाले नाही. याला बरा कर, आत्ता बरा कर, एवढेच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, मोठ्याने, म्हातारीला ओटीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि आमेन म्हणून डोळे उघडले, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही, बायकोकडेही नाही. मी त्याच्या पायांकडे पाहिले, सूज उतरली आहे का म्हणून.