रिपोर्ट चांगला आला, तरी

चांदूर बाजार, ९ ऑगस्ट २००६

सौ. रागिणीताईस लीलावहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या दादाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल इतकं उतरलं की मी शेजारी पेढे वाटले. वर्षभर तेलघाणीवाल्याच्या घरी बिनतेलाची भाजी केली, चेष्टा आहे काय? पण एक समजून नाही राहिलं. हे बोलतच नाहीत. घाण्यातलं पहिलं तेल बोटावर घेऊन चाखायचे, ते डॉक्टरच्या धाकानं सोडलं. आता घाणीवरही जात नाहीत. ओट्यावर नुसते बसून राहतात. रिपोर्ट चांगला अन् माणूस असा, कावून?

लोभ आहे तसाच ठेवा.
लीला

अकोला, १६ ऑगस्ट

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

माझ्या वाटचे पेढे कुठं गेले? थट्टा जाऊ द्या. फोन दादाच उचलतो, म्हणून पत्र लिहिते. पेपरात वाचलं, कोलेस्टेरॉल फार उतरलेल्या काही लोकांत उदासी, जीव द्यायचे विचार जास्त दिसतात. मी घाबरले. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही अभ्यास तसं सांगतात, काही नाही. उदासीनं जेवण तुटूनही ते उतरत असेल. माझा तर गोंधळच वाढला. कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, असं त्यांनी बजावलं. अन् दादाले मरायचे विचार येतात काय, ते सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत म्हणे.

दोघांची माया असू द्यावी.
रागिणी

चांदूर बाजार, २० ऑगस्ट

सौ. रागिणीताईस आशीर्वाद.

हे पत्र घाणीवरच्या शालिकरामच्या हाती देऊन राहिली, तो आजच अकोल्याले चालला. विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी तुपात बुडवून रोडगे केले. म्हटलं, तेल तोडून बिघडलं ते तुपानं सुधरंल. यायनं ताट सरकवलं अन् रडू लागले. मंग विचारलं. हो म्हणाले. मले आधी राग आला, मंग मीही रडली. इतके दिवस सांगितलं कावून नाही म्हटलं, त म्हणाले, साऱ्यायनं रिपोर्टच पाहिला, मले कोणी पुसलंच नाही.

तेलानं झालं का मनानं, मले अजून समजलं नाही. तोवर यायले एकटं सोडत नाही. उद्या आम्ही दोघं पहिल्या गाडीनं येतो, डॉक्टरीणबाईले सांगून ठेवा. गोळी चालूच आहे.

माया करताच, पण आल्यावर कसं आहे ते यायलेच पुसा, मले नको.
लीला