मी, तांड्याचा कंट्रोल ग्रुप

९ फेब्रुवारी, सकाळ

उद्यापासून हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम. त्यासाठी नवी वही काढली. शास्त्रज्ञ लोक रोजच्या रोज नोंदी ठेवतात. मी दारव्ह्याच्या कॉलेजात बायोलॉजीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. हुद्दा अटेंडंटचा, पण मायक्रोस्कोप पुसायचा म्हणजे त्यात डोकवावंच लागतं. प्रोफेसर आले, बदलून गेले. मायक्रोस्कोप आणि मी तिथेच.

तांड्यात चारशे बारा माणसं. मागच्या वर्षी साठ जणांनी गोळ्या घ्यायला नकार दिला. माझी सून उज्ज्वला इथली आशा सेविका. घरोघर फिरून तिच्या चपला झिजल्या, तरी लोक ऐकेनात. कारण उघड आहे. ती नुसती गोळी देते. गोळीमागचं सायन्स सांगायला रामधन जाधव पाहिजे.

संकल्प: यंदा नकार शून्य. रोज एक व्याख्यान. कुणावर चिडायचं नाही.

संध्याकाळ

समोर राहणाऱ्या जमनी याडीला (याडी म्हणजे आई) योजना सांगितली. तिचा उजवा पाय वीस वर्षांपासून सुजून खांबासारखा झाला आहे. ती म्हणाली, मी चालतीफिरती होती तवा कोणी सांगतलं नाही, आता सांगून राह्यला. सांग बापा, बाकीच्यायले तरी सांग. हा मी आशीर्वाद समजतो.

१० फेब्रुवारी

मोहिमेची सुरुवात आमच्याच घरापासून. गोळ्या आशाच्या समक्ष घ्यायच्या, असा नियम. एक चावायची, बाकीच्या गिळायच्या. नियम चांगलाच आहे. पण तांड्याची रीतही आहे. सून सासऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. उज्ज्वलानं पदर पुढं ओढून, मान खाली घालून गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. मी म्हणालो, घेतो पाण्यासोबत, तू हो पुढं. मग डाव्या हाताचं बोट पुढं केलं. गोळी घेतल्याची खूण म्हणून तिनं त्यावर शाई लावली. सलग तिसरं वर्ष.

गोळ्या कुडत्याच्या खिशात आहेत.

याचा गैरअर्थ काढू नये. कुठल्याही रिसर्चमध्ये काही लोकांना मुद्दाम औषध देत नाहीत. त्यांना कंट्रोल ग्रुप म्हणतात. त्याशिवाय प्रयोगाला किंमत नाही. आमच्या तांड्यात असा ग्रुप ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं, म्हणून ती जबाबदारी मी एकट्यानं घेतली. तसंही माझं रक्त मला माहीत आहे. रोज आंघोळ, रोज दाताला कडुलिंबाची काडी. शिवाय गोळी जरा मोठी असते.

११ फेब्रुवारी

पहिलं व्याख्यान हिरासिंगच्या ओट्यावर. हिरासिंग तांड्याचा नायक, त्याच्या शब्दावर सगळे उठतात-बसतात, आणि नकार देणाऱ्यांत नाव त्याचंच पहिलं. त्याचं एकच पालुपद. मले काही झालंच नाही त गोळी कायले खाऊ?

मी तयारीत होतो. शेवटच्या वेचणीतलं कपाशीचं बोंड नेलं होतं. वरून ठणठणीत. सगळ्यांसमोर फोडलं. आत गुलाबी अळी. म्हणालो, हिरासिंग, हे बोंडही हेच म्हणत होतं, मले काही झालं नाही. डास चावतो, जंतू अंगात सोडतो, ते वर्षानुवर्षं आत राहतात आणि माणूस वरून ठणठणीत. सगळे बोंडावर वाकले. मला वाटलं, जिंकलो.

मग हिरासिंगनं विचारलं, या अळीवर आजवर कोणतं औषध चाललं? म्हणे मी पाच फवारण्या मारल्या, एक अळी मेली नाही, मंग या गोळीनं काय होते? सगळ्यांनी माना हलवल्या. सकाळी ज्या दोघांनी गोळ्या घ्यायचं कबूल केलं होतं, त्यांनीही हलवल्या.

श्रोत्यांचा दर्जा म्हणून काही असतो.

१२ फेब्रुवारी

काल उदाहरण चुकलं नव्हतं, अळी चुकली. आज ठिबकची नळी. शरीरात पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, जंतू त्यांत ठाण मांडतात, नळी चोंदते, पाय सुजतो. नळीच्या एका टोकात चिंध्या कोंबल्या, दुसरीकडून मोटारीचं पाणी सोडलं. नळी फुगली, लोक पुढं सरकले, नळी फुटली. पहिल्या रांगेतल्या रुपीबाईंचं लुगडं भिजलं. तरी मुद्दा पोचला असावा, कारण चर्चा झाली. हिरासिंग म्हणे, नळी चोंदली त आमी अ‍ॅसिड सोडतो, घंट्याभरात साफ. त्यावर मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, ते किती प्यायचं?

उज्ज्वला दोन घरं सोडून गोळ्या वाटत होती, ती धावत आली. अ‍ॅसिड कुणीही प्यायचं नाही, हे तिनं मग घरोघर जाऊन सांगितलं. त्यात तिचा अर्धा दिवस गेला. यालाच टीमवर्क म्हणतात.

म्हाताऱ्यावर थोडा चिडलो. तिसरा संकल्प उद्यापासून नव्यानं.

१३ फेब्रुवारी

जीपमध्ये चौदावा माणूस होऊन दारव्ह्याला गेलो. शकीलभाईच्या दुकानात फ्लेक्स काढायला टाकला. वर माझा हात जोडलेला फोटो, खाली डास, त्याखाली 'समक्ष गोळी घ्या'. शकीलभाई म्हणाला, चाचा, मच्छर थोडा बडा करू क्या? मी म्हटलं नको, लोकांना भीती नाही, विश्वास द्यायचा आहे. फोटो मोठा करून घेतला.

संध्याकाळी फ्लेक्स तांड्याच्या तोंडाशी बांधला. पाच जणांनी विचारलं, कोणत्या वॉर्डातून उभे राह्यले? जमनी याडीला कमी दिसतं. ती फोटो पाहून लंगडत लगबगीनं आमच्याकडे आली आणि माझ्या बायकोच्या, बिजलीच्या, गळ्यात पडून रडायला लागली. मी आतून बाहेर आलो तशी थांबली. जरा नाराजच दिसली.

१४ फेब्रुवारी

वाईट दिवस. बिजलीनं कुडता धुवायला घेतला आणि गोळ्या सापडल्या.

मी तिला कंट्रोल ग्रुप समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, लग्न झाल्यापासून पाहून राह्यली, डोकं दुखलं तरी गोळी कुटून गुळात देवा लागते तुमाले. घशात अडकते म्हणता अन् लहान पोरावानी तोंड करता. सांगू का सुनेले? मी म्हणालो, हा घशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. म्हणे, मंग तत्त्व बी कुटून देऊ का?

शेवटी उद्याच्या सेवालाल जयंतीनंतर बघू यावर मिटलं.

आजचा आकडा, नकार त्रेसष्ट. मागच्या वर्षीपेक्षा तीन जास्त. आरोग्य केंद्राच्या मीटिंगमध्ये उज्ज्वलाला उभं करून विचारलं म्हणे, बाकी ठिकाणी नकार कमी होऊन राह्यले, तुमच्याच तांड्यात काहून वाढले? तिनं माझं नाव घेतलं नाही. जेवताना भाकर अर्धी ठेवून उठली. गुणाची पोर आहे. उद्या तिचा आकडा मी एका भाषणात खाली आणतो.

१५ फेब्रुवारी, दुपार

सेवालाल जयंती. भोगाचा नैवेद्य झाला. अख्खा तांडा एका जागी, असा श्रोतृवर्ग पुन्हा मिळणार नाही. दहा मिनिटं ठरली होती, पन्नास मिनिटं बोललो. जंतूचं लॅटिन नाव दोनदा घेतलं. एकही माणूस उठून गेला नाही. बिजलीचं म्हणणं, लापशी भाषणानंतर वाढणार होते म्हणून.

शेवटी हिरासिंग उभा राहिला. म्हणाला, रामधन, एवढं सांगून राह्यला त आमच्यासमोर खाऊन दाखव, तुले काही झालं नाही त मी बी खातो. मी शाईचं बोट वर केलं. टाळ्या सुरूही झाल्या होत्या. तेवढ्यात जमनी याडी काठी टेकत पुढं आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, बोट कायले दाखवतं, तोंड उघड. सून पाहत नसन, मी पाहते. बिजली उज्ज्वलाच्या कानाला लागली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण उज्ज्वलानं पिशवीतून गोळ्या काढल्या आणि खाली मान घालूनच जमनीच्या हातात दिल्या.

चारशे माणसांसमोर मी तोंड उघडलं. एक चावली. बाकीच्या लापशीच्या घासाबरोबर. दुसरीच अडकली, डोळ्यांतून पाणी आलं. जमनीनं पाठीत गुद्दा घातला, तशी उतरली. वर जीभ उचलून दाखवायला लावली. रिटायर्ड माणसाला.

हिरासिंग म्हणे, आजच नाही, उद्यापरेंत पाहू याले काही होते का. अशी चिकित्सक वृत्ती तांड्यात मीच रुजवली.

कंट्रोल ग्रुप बरखास्त.

१६ फेब्रुवारी, सकाळ

ताप. एकशे एक. डोकं ठणकतंय, अंगभर खाज. कारण, काल पन्नास मिनिटं उन्हात उभं राहणं.

दहा वाजता

कारण काहीही असो, हिरासिंगला कळता कामा नये. गोळीनं ताप आला असं तो म्हणाला की त्रेसष्टचे तीनशे होतील आणि उज्ज्वलाची वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल. बिजलीला बजावलं, कुणी विचारलं तर मी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो असं सांग. ती बरं म्हणून ओट्यावर जाऊन बसली. खिडकीतून ऐकलं. हिरासिंग आला, आणि तिनं त्याला ताप किती आहे तेसुद्धा सांगितलं.

दुपार

उज्ज्वला आली. तापाची गोळी कुटून गुळात आणली होती, म्हणजे बिजलीनं सगळंच सांगितलेलं दिसतं. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तिनं मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. विचारलं, मामाजी, मागच्या दोन वर्षी गिळल्या होत्या का गोळ्या?

मी ऊन म्हणालो, भाषण म्हणालो, लापशीत तूप जास्त होतं असंही म्हणालो. तिनं गूळ माझ्या हातावर ठेवला. मग सावकाश सांगितलं. अंगात जंतू नसले तर बहुतेकांना काही होत नाही. असले, तर ते मरताना असा ताप येतो, खाज सुटते, एक-दोन दिवसांत उतरते. घाबरू नका, डॉक्टरांना फोन केला आहे, ते संध्याकाळी पाहून जातील. दोन मिनिटांत तिचं सांगून झालं आणि मला सगळं समजलं.

म्हणजे जंतू माझ्यात होते. मला चावलेला डास या अंगणात दुसऱ्यांनाही चावत असणार, आणि नातू बादल माझ्याच शेजारच्या खाटेवर झोपतो. मी बादलचं विचारलं. ती म्हणाली, त्याले दरसाल देते, तोंड उघडून पाहते. मला फार लाज वाटली. तिला तसं म्हणता आलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

१७ फेब्रुवारी

ताप उतरला. हिरासिंगच्या ओट्यावर सकाळपासून गर्दी. वाटलं, बुडाली मोहीम, माझ्यामुळं बुडाली. पांघरूण ओढून पडून राहिलो.

बिजली तिथून आली आणि हसत सुटली. म्हणे हिरासिंग सगळ्यायले सांगून राह्यला, रामधन रोज आंघोळ करते, कॉलेजात होता, दुर्बिणीतून जंतू पाहे, त्याच्या रगतात निघाले, मंग आपल्या रगतात काय गंगाजल आहे का? पहिली गोळी त्यानंच घेतली. जमनी याडी शेजारी खुर्ची टाकून बसली आहे आणि एकेकाची जीभ उचलून बघते आहे. नातेवाईक, पाहुणे, कुणाला सोडत नाही.

संध्याकाळपर्यंत त्रेसष्टपैकी एकोणसाठ झाले. चौघं परगावी आहेत. उज्ज्वला आज दोन भाकरी जेवली.

बिजलीला म्हणालो, आठवडाभराच्या कामाचं चीज झालं. म्हणे, एका दिवसाच्या तापाचं.

२० फेब्रुवारी

महागावकडच्या एका तांड्याच्या आशा, धुरपताबाई, उज्ज्वलाला शोधत आल्या. त्यांच्याकडे नकार नव्वद. मला तिकडं न्यायचं आहे. शेवटी तालुक्याबाहेर नाव पोचलं. मी म्हणालो, दीड तास लागेल, प्रोजेक्टर असला तर दोन. धुरपताबाई म्हणाल्या, भाषण नको भाऊ, तुमाले ताप काहून आला तेवढंच सांगा, पाच मिनिटं.

जेवण झाल्यावर पाच मिनिटांचं लिहायला बसलो. रोगाचा इतिहास लिहिला, खोडला. लॅटिन नाव लिहिलं, खोडलं. दुपार गेली. कागदावर एकच वाक्य उरलं आहे. 'तीनदा मी बोटाला शाई लावून घेतली आणि गोळी गिळली नाही.'

उज्ज्वलाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, मामाजी, तुमी एवढंच सांगजा. बाकीचं मी सांगते.