बाबांच्या डब्यातल्या पांढऱ्या गोळ्या

धाकट्या,

बाबांना हॉस्पिटलात ठेवलंय. मी त्यांचे कागद न्यायला घरी आले. ताप उतरत नाही, पाय लाकडासारखे ताठलेत, भिंतीवर मुंग्या चालतायत म्हणून ओरडतात. मघाशी झटकाही आला. डॉक्टरांनी विचारलं, पाय सैल ठेवणारी गोळी चुकली का? मी छातीठोकपणे सांगितलं, नऊ वर्षांत एकदाही नाही, डबा मी स्वतः भरते.

आता तो डबा उघडला तर आत माझ्याच कॅल्शियमच्या गोळ्या. तशाच पांढऱ्या. बाबांच्या गोळ्या तुझ्या खणात सापडल्या.

या गोळीने दुकानात दुरुस्तीचं घड्याळ उघडं टाकून ते पेंगतात, गिऱ्हाईकं हसतात, हे मलाही दिसत होतं रे. पण ही गोळी एकदम बंद करायची नसते, डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. मला नुसतं विचारायचंस तरी!

डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलंय. तू घरी आलास की तसाच हॉस्पिटलात ये. मी काही बोलणार नाही.

काल तू घरी यायच्या आधी बाबा खुशीत होते. म्हणाले, “धाकट्याला बरं वाटलं असेल. आज दुकानात माझा डोळा एकदाही लागला नाही.”

ताई